ज्याचा माल, त्याची शिडी : कारखानदार आणि गोदाममालकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील कारखाने, गोदामे, डेपो व बाजार समित्यांचे मालक, व्यवस्थापक आणि डिस्पॅच विभागप्रमुख

प्रत : संचालक, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

तुमच्या आवारात ट्रक भरून झाला की वजनकाट्यावर जाण्याआधी एक काम उरतं. माल झाकायचा, ताडपत्री ओढायची, दोर आवळायचे. हमालांचं काम थप्पी लावून संपतं, सुपरवायझरचं पोती मोजून संपतं. त्यानंतर चालक आणि क्लिनर मालावर चढतात. भरलेल्या ट्रकचा माथा जमिनीपासून साधारण साडेतीन ते चार मीटरवर असतो. तिथे कठडा नसतो, हाताला धरायला काही नसतं, पायाखाली सपाट जागा नसते. त्याच कारखान्यात रंगाऱ्याला दोन मीटरच्या घोडीवर चढायचं असेल तर उंचीवरील कामाचा परवाना लागतो, त्यावर तिघांच्या सह्या लागतात. ट्रकच्या टपासाठी परवाना कुणी मागत नाही.

ट्रकचालकाला कामावर दुखापत झाली म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे हायवे येतो. गाडी उभी आहे, इंजिन बंद आहे आणि चालक टपावरून खाली आला, हा अपघात रस्ते अपघातांच्या नोंदीत जात नाही. चालक तुमच्या पगारपत्रकावर नसल्यामुळे तो तुमच्या अपघात नोंदवहीतही बहुधा जात नाही. ट्रकमालकाकडे तर नोंदवहीच नसते, कारण त्याच्या दोन-तीन गाड्या असतात आणि हिशेब डायरीत असतो. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितो आहोत. माणूस पडतो ती जमीन तुमची असते आणि तो वर चढलेला असतो तुमचा माल झाकायला.

साडेतीन मीटरवरून पडणारा माणूस एका सेकंदाच्या आत जमिनीवर येतो. आदळतानाचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास असतो आणि खाली बहुतेक वेळा काँक्रीट असतं. पायांवर पडला तर टाचेचं हाड फुटतं आणि तोच दणका वर जाऊन कमरेचा मणका दबतो. म्हणून उंचावरून पडून टाच मोडलेल्या माणसाचा कमरेचा एक्स-रे काढल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये. हात टेकून पडला तर मनगट जातं. पाठीवर पडला तर डोकं आणि मान. डाव्या टाचेचं हाड नीट जुळलं नाही तर अवजड गाडीचा क्लच दिवसभर दाबता येत नाही. जीव वाचला तरी त्याची रोजी अशी एका टाचेवर जाते.

माणूस पडतो कसा, हे आता थोडं तपशिलात सांगतो. कारण ‘काळजी घेतली नाही’ असं एक वाक्य प्रत्येक अहवालात लिहिलेलं असतं आणि त्या वाक्याने पुढच्या कुणाचा जीव वाचत नाही.

पहिली गोष्ट चढण्याची. अनेक ट्रकच्या हौद्याला शिडी असते ती मागच्या फाळक्याला किंवा केबिनच्या मागे, तीही एकाच बाजूला. तिची खालची पायरी कुठेतरी घासून वाकलेली किंवा तुटलेली असते. मग माणूस टायरवर पाय देतो, तिथून दोर अडकवायच्या हुकावर, तिथून फाळक्याच्या वरच्या कडेवर. टायर गोल आणि पावसाळ्यात चिखलाने माखलेलं. हूक दोरासाठी बनवलेला, त्यावर पायाची दोन बोटंसुद्धा मावत नाहीत. आणि पायात बहुतेक वेळा चप्पल असते. वर जाताना निदान हुकाकडे नजर असते, उतरताना पाय आंधळेपणाने हूक शोधतो. तसाच चाचपडत खाली येताना हात सुटला तर आधाराला काहीच नसतं.

दुसरी गोष्ट ताडपत्री पसरण्याची. ३० बाय २० फुटांची जाड ताडपत्री कोरडी असताना पंचवीस-तीस किलो भरते, भिजली की आणखी जड होते. ती खांद्यावर घेऊन शिडी चढणं म्हणजे दोन्ही हात अडकलेले. वर गेल्यावर ती उलगडताना माणूस तिची कड धरून मागे मागे चालतो. त्याचं तोंड केबिनकडे आणि पाठ ट्रकच्या मागच्या टोकाकडे असते. टोक किती दूर आहे ते त्याला दिसत नाही. वाऱ्याची एक झुळूक आली की ती ताडपत्री शिडासारखी फुगते आणि ज्याने ती घट्ट धरली आहे त्यालाच घेऊन जाते. सोडून दे असं आपण खालून ओरडतो, पण हाताची मूठ तेवढ्यात उघडत नाही.

तिसरी गोष्ट लोकांच्या लक्षात फार कमी येते. एकदा ताडपत्री पसरली की तिच्याखाली काय आहे ते दिसेनासं होतं. दोन थप्प्यांमधली फट, खोक्यांच्या ओळीतली मोकळी जागा, फाळका आणि मालामधली वीतभर पोकळी, सगळ्यावर एकसारखं कापड. वरून चालणारा त्या पोकळीवर पाय देतो, पाय गुडघ्यापर्यंत आत जातो आणि धड बाहेरच्या बाजूला कलंडतं. साखर, खत, सिमेंट, पशुखाद्य यांची विणलेल्या प्लॅस्टिकची पोती मुळातच गुळगुळीत असतात. त्यावर सिमेंटची किंवा राखेची भुकटी पडली की पाय ठरत नाही.

चौथी गोष्ट दोर आवळण्याची. टपावर उभं राहून किंवा फाळक्याच्या कडेवर बसून माणूस दोर स्वतःकडे ओढतो आणि सगळं वजन मागे टाकतो. उन्हाने कुजलेला दोर तुटतो, किंवा ताडपत्रीची कडी उपसून येते, किंवा खालचा हूक सुटतो. तो ज्या दिशेला वजन टाकून उभा असतो त्याच दिशेला, म्हणजे पाठीवर, खाली जातो. डोक्याच्या सर्वांत वाईट इजा याच पडण्यात होतात. हे काम जमिनीवरून करता येतं, कसं ते पुढे लिहिलं आहे.

या सगळ्यावर थकव्याचा थर असतो. गेटबाहेर रात्रभर रांगेत थांबलेला चालक दुपारी आत येतो, गाडी भरायला संध्याकाळ होते आणि भरून होताच ‘बे (गाडी भरायची जागा) खाली कर’ म्हणून शिट्टी वाजते. दहा मिनिटांत आटपायचं असेल तर तो हूक-टायर-फाळका असाच चढणार.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहायलाच हवी. अलीकडे अनेक मोठ्या कारखान्यांनी आवारात ‘ट्रकवर चढण्यास मनाई’ असा फलक लावला आहे. हेतू चांगला आहे. पण ताडपत्री तर बांधावीच लागते. मग गाडी गेटबाहेर जाते, एमआयडीसीच्या रस्त्याच्या कडेला तिरपी उभी राहते आणि तेच काम अंधारात, उतारावर, बाजूने वाहनं जात असताना होतं. तुमच्या फलकामुळे पडण्याची जागा पन्नास मीटर पुढे सरकली. चाकण, रांजणगाव, वाळूज, तळोजा, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत संध्याकाळी सात वाजता मोठ्या गेटबाहेर उभं राहिलं की हे दिसतं. मनाईच्या फलकाशेजारी तेच काम करायची सुरक्षित जागा नसेल, तर तो फलक उतरवलेला बरा.

वाहतूकदार वर्षानुवर्षे म्हणत आले आहेत, ज्याचा माल त्याचा हमाल. भरणं-उतरवणं हा माल पाठवणाऱ्याचा किंवा घेणाऱ्याचा खर्च आहे, ट्रकवाल्याचा नव्हे. माल लावणाऱ्या हमालांसाठी आपल्या राज्यात १९६९ चा माथाडी कायदा आहे, त्यांची मंडळं आहेत. टपावरचा चालक त्यात बसत नाही. तेव्हा आमची मागणी त्याच म्हणण्याचा पुढचा भाग आहे. ज्याचा माल, त्याची शिडी. टपावर पोचायची आणि टपाजवळ उभं राहायची सोय माल पाठवणाऱ्याने करावी.

ती सोय कशी असावी?

सर्वांत चांगला उपाय म्हणजे टपावर चढावंच लागू नये. बंद बॉडीची गाडी, बाजूने सरकणाऱ्या पडद्याची गाडी, टिपरला खालून हँडलने किंवा मोटरने चालणारी ताडपत्री. ज्यांचा माल रोज त्याच वाहतूकदाराकडून जातो त्यांनी करारातच अशी गाडी मागावी आणि तिचं भाडं द्यावं. भाडं न वाढवता अट घालायची, असं करू नका. त्याचा खर्च शेवटी चालकाच्या भत्त्यातून निघतो.

पण आपल्याकडे उघड्या हौद्याचे ट्रक अजून बरीच वर्षं राहणार आहेत. त्यांच्यासाठी ताडपत्रीचा प्लॅटफॉर्म बांधा. गाडी मधून जाईल असे दोन्ही बाजूंना लोखंडी सज्जे. सज्जाची जमीन २.४ ते २.५ मीटर उंचीवर ठेवली तर साडेतीन मीटरच्या मालाची कड उभ्या माणसाच्या कमरेच्या वर, छातीच्या खाली येते. ताडपत्री तिथूनच पसरता येते, मालावर पाय ठेवावा लागत नाही. रुंदी ९० सेंटीमीटर तरी हवी, म्हणजे ताडपत्रीचा गठ्ठा घेऊन दोघं एकमेकांना ओलांडू शकतील. जमीन जाळीची असावी, त्यावर पाणी आणि भुकटी साचत नाही. बाहेरच्या बाजूला १.१ मीटरचा कठडा, मध्ये एक आडवी पट्टी आणि खाली पायाशी चार बोटं उंचीची पट्टी, म्हणजे हत्यार खाली घरंगळत नाही. वर जायला दोन्ही हातांना कठडा असलेला जिना. उभी शिडी नको, कारण माणसाच्या हातात ओझं असणार आहे. लांबी तुमच्याकडे येणाऱ्या सर्वांत लांब गाडीएवढी. ४० फुटी ट्रेलर येत असतील तर १२ मीटर.

या प्लॅटफॉर्ममध्ये दोन ठिकाणी हमखास चूक होते. एक, ट्रककडची बाजू. गाडी नसताना ती कड उघडी राहते आणि माणूस तिथूनच पडतो. तिथे आत ढकलता येणारा किंवा वर उचलता येणारा कठडा द्या, आणि गाडी व सज्जा यांच्यातली फट झाकायला बिजागरीवर पडणाऱ्या पट्ट्या बसवा. दोन, गाडी तिरकी लागते. पुढे सज्जा गाडीला चिकटलेला आणि मागे दोन फुटांची फट. त्यासाठी जमिनीवर चाकांच्या रेषेत लोखंडी मार्गपट्ट्या लावा आणि खांबांना धक्का बसू नये म्हणून काँक्रीट भरलेले रोधक खांब उभे करा. गाडी लागली की चावी काढून सुपरवायझरकडे आणि चाकांखाली ठोकळे. ताडपत्री बांधणारा सज्जात असताना गाडी हलली तर सगळी मेहनत वाया.

ताडपत्री वर नेण्यासाठी सज्जावर एक आडवा गर्डर आणि चेन पुली पुरते. फोर्कलिफ्टने गठ्ठा सज्जावर ठेवला तरी चालतं. फोर्कलिफ्टच्या काट्यांवर पॅलेट ठेवून त्यावर माणसाला वर चढवण्याची पद्धत मात्र आजपासून बंद करा. ती आम्हाला जवळजवळ सगळीकडे दिसते. ताडपत्रीची घडी अशी घालायला लावा : दोन्ही लांब कडा मध्यापर्यंत दुमडायच्या, मग मागून पुढे गुंडाळी करायची. गुंडाळी केबिनच्या बाजूला ठेवली की ती मधोमध मागे उलगडत जाते आणि बाजूच्या कडा खालून दोराने ओढून पाडता येतात. मागे मागे चालण्याचा प्रश्न उरत नाही.

आवळण्याचं काम पूर्ण जमिनीवरून. वजन बांधलेला हलका दोर मालावरून पलीकडे टाकायचा, त्याला जाड दोर किंवा पट्टा जोडून ओढून घ्यायचा आणि खाली हुकाला रॅचेटने (पट्टा आवळायचं दांड्याचं साधन) आवळायचं. फेकताना पलीकडे कुणी उभं नाही हे आधी बघायचं. रॅचेटच्या दांड्याला पाइप लावून लांबी वाढवायची नाही, दांडा निसटला तर जबडा फोडतो. दोर किंवा पट्टा ओढताना एक पाय पुढे एक मागे, वजन मागे झोकायचं नाही. झिजलेले दोर बदलून द्यायला डिस्पॅचमध्ये दोराचं एक भेंडोळं ठेवा. लाखांच्या मालावर दोराचा खर्च कुणाला जाणवणारही नाही.

छोटं गोदाम असेल, दिवसाला पाच-सात गाड्या भरत असतील, तर एवढा सांगाडा परवडणार नाही हे आम्ही समजू शकतो. भिवंडीच्या अनेक गाळ्यांपुढे तर जागाच नाही. तिथे चाकांची जिना-शिडी घ्या : रुंद पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा, वर तीन बाजूंनी बंद असलेली उभं राहायची जागा, आणि चाकांना ब्रेक. ती गाडीभोवती फिरवत एकेक कोपरा करायचा. वेळ थोडा जास्त लागतो, तो लागू द्या. भिंतीला टेकवायची साधी बांबूची किंवा ॲल्युमिनियमची शिडी ट्रकला टेकवू नका. फाळका गुळगुळीत असतो, शिडी वरून सरकते.

सेफ्टी बेल्टबद्दल सविस्तर लिहावं लागेल, कारण ऑडिटरला दाखवण्यासाठी बेल्ट देऊन मोकळं होण्याची पद्धत फार पसरली आहे. चालकाला बेल्ट दिला आणि त्याने तो ट्रकच्याच हुकाला किंवा फाळक्याला अडकवला, तर काय होतं ते मोजून पाहा. बेल्टचा दोर साधारण १.८ मीटर. पडताना धक्का शोषणारा भाग उघडतो, तो पावणेदोन मीटरपर्यंत लांबतो. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर. वर सुरक्षिततेसाठी एक मीटर मोकळा. बेरीज केली तर अडकवलेल्या जागेखाली सहा मीटर मोकळी जागा लागते. ट्रकचा माथा चार मीटरवर आहे. म्हणजे बेल्टने थांबवण्याआधीच माणूस जमिनीवर. असा बेल्ट नुसताच निरुपयोगी नाही, त्याच्या दोरात पाय अडकतो.

बेल्ट उपयोगी पडायचा तर अडकवायची जागा डोक्याच्या वर हवी. बे वर साडेसहा-सात मीटर उंचीवर गाडीच्या लांबीने जाणारा गर्डर, त्यावर सरकणारी ट्रॉली आणि तिला आपोआप गुंडाळणारा फॉल अरेस्टर, म्हणजे पडणाऱ्याला रोखणारा दोर. झटका बसताच तो दोन फुटांच्या आत अडकतो. गर्डर गाडीच्या मधोमध वर असावा. बाजूला असेल तर पडलेला माणूस झोक्यासारखा येऊन हौद्यावर आपटतो. गर्डर आणि त्याचे जोड किती भार घेतात याचा हिशेब अभियंत्याकडून करून घ्या, शेडच्या पत्र्याखालच्या अँगलला अडकवून चालणार नाही. बेल्ट कमरेचा नको, आयएस ३५२१ या भारतीय मानकाप्रमाणे बनवलेला पूर्ण शरीराचा हवा. तो तुमचा असावा, बे वर टांगलेला असावा, आणि दर पाळीला शिवण व पट्टे बघितले जावेत. एकदा पडण्याचा झटका सोसलेला बेल्ट पुन्हा वापरायचा नाही. आणि लटकलेल्या माणसाला खाली कसं आणायचं हे आधी ठरवून ठेवा. बेल्टमध्ये लटकून राहिलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं, काही मिनिटांतच तो बेशुद्ध पडू शकतो. चाकांची शिडी तिथेच असेल तर दोन मिनिटांत काम होतं.

हेल्मेटचं तेवढंच. हनुवटीचा पट्टा नसलेलं हेल्मेट पडताना डोक्याच्या आधी जमिनीवर पोचतं. गेटवर दिली जाणारी हेल्मेट एकदा पट्ट्यासाठी तपासा.

टँकर आणि बल्करचा (भुकटीचा सुटा माल नेणारी बंद टाकीची गाडी) प्रश्न वेगळा आहे. त्यांना ताडपत्री नसते, पण माथ्यावरचं झाकण उघडायला, माप घ्यायला, सील बघायला, नमुना काढायला वर जावं लागतं. इंधनाच्या मोठ्या डेपोत भरताना गॅन्ट्री (टँकरच्या माथ्यावर पोचायचा सांगाडा) असते, घडीचा जिना टँकरवर उतरतो, कठडा असतो. तोच टँकर जिथे रिकामा होतो तिथे काहीच नसतं. डांबराच्या साइटवर, खाद्यतेलाच्या गाळ्यात, दूध संकलन केंद्रात, रसायनांच्या छोट्या युनिटमध्ये चालक गोल पाठीवर चालत जाऊन झाकण उघडतो. दुधाचा टँकर धुतलेला, म्हणून ओला. राखेचा बल्कर कोरडा असतो, पण औष्णिक वीज केंद्रातली राख इतकी बारीक की बुटाच्या तळव्याखाली ती तेलासारखी वागते. मळीच्या टँकरचा माथा चिकट. आणि विद्रावकाचं झाकण उघडताच वाफ तोंडावर येते, चक्कर येते, ती नेमकी सर्वांत उंच जागी. झाकण उघडताना वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभं राहणं, तोंड झाकणावर न नेणं हे चालकाला माहीत असावं. पण उभं राहायला कठडा देणं हे माल घेणाऱ्याचं काम आहे. टँकरवर घडीचा कठडा असेल तर तो वर उचलल्याशिवाय माप घ्यायचं नाही, असा नियम तुमच्या माप घेणाऱ्या माणसालाही लागू करा. कारण बऱ्याचदा वर तोही असतो.

केबिनमधून पडणं छोटं वाटतं, म्हणून त्याकडे कुणी पाहत नाही. केबिनचा तळ जमिनीपासून सव्वा-दीड मीटरवर असतो. रात्रभर बसून आखडलेले पाय, हातात बिल्टी आणि मोबाइल, तोंड बाहेरच्या बाजूला, आणि उडी. खाली दगड किंवा खड्डा असला की घोटा गेला. नियम एकच : तोंड केबिनकडे, दोन हात आणि एक पाय किंवा दोन पाय आणि एक हात कायम टेकलेले, कागद खिशात किंवा आधी सीटवर. पायरीवर डिझेल, ग्रीस, चिखल असेल तर आधी पुसायचं. तुमच्या बाजूने इतकंच करा, कागद देण्या-घेण्यासाठी त्याला दर वेळी केबिनमधून उतरवू नका. गेट, वजनकाटा, डिस्पॅच, पुन्हा काटा, पुन्हा गेट. प्रत्येक चढउतार म्हणजे निसटण्याची आणखी एक संधी. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, ही फार चांगली गोष्ट झाली. पायऱ्या आणि हाताच्या दांड्यांची देखभालही तितक्याच गांभीर्याने व्हावी. गेटवर गाडीचा दिवा, टायर, पीयूसी बघता, तिथे पायरी आणि शिडीही बघा. तुटलेली असेल तर चालकाला परत पाठवू नका, कारण त्याची खेप बुडते. मालकाला फोन करा, लेखी कळवा आणि दुरुस्तीला मुदत द्या.

पाऊस, वारा, विजा असताना टपावरचं काम थांबवायचा अधिकार बे वरच्या सुपरवायझरला लेखी द्या. आणि तेवढ्या वेळाचं थांबणं चालकाच्या माथी मारू नका.

एवढं करूनही कुणी पडलाच तर? पहिली चूक होते ती धावत जाऊन उचलण्यात. एकजण खांदे धरतो, एकजण पाय, आणि मोडलेला मणका तिथेच दुमडला जातो. त्याला जिथे आहे तिथे राहू द्या. एकाने डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरावं, दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. श्वास चालू आहे का बघा. पाणी पाजू नका. आग, गाडी हलण्याचा धोका, रसायन असं काही असेल तरच हलवा, तेही सगळं शरीर एका रेषेत ठेवून. पडलेला माणूस उठून ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणाला तरी त्याला गाडी चालवू देऊ नका. डोक्याच्या आतला रक्तस्राव काही तासांनी दिसतो : उलटी, झोप येणं, बोलणं अडखळणं, एक बाहुली मोठी दिसणं. गाडी घेऊन निघालेल्या चालकाला हे घाटात जाणवलं तर काय होईल ते सांगायला नको.

आणि नोंद करा. कारखाने कायदा १९४८ च्या कलम ८८ मध्ये अपघाताची सूचना देण्याचं बंधन होतं ते ‘इजा झालेल्या व्यक्ती’बद्दल, जी ४८ तास किंवा जास्त काम करू शकत नाही. तुमचा कामगार की बाहेरचा, असा भेद तिथे केलेला नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम १० मध्येही हीच ४८ तासांची कसोटी आहे. आणि कलम ६ नियोक्त्यावर जबाबदारी टाकतं ती आवारात असलेल्या इतर व्यक्तींचीसुद्धा, त्याच्या माहितीने असोत वा माहितीशिवाय. ‘ड्रायव्हर आमचा नाही’ हे उत्तर यापुढे देता येणार नाही.

नोंदीचा दुसरा उपयोग चालकाच्या घरच्यांना आहे. काम करताना आणि कामातून झालेल्या इजेची भरपाई मागायची तर अपघात कुठे, केव्हा, कोणत्या कामात झाला हे दाखवावं लागतं. एक-दोन ट्रकच्या मालकाकडच्या चालकाला बहुतेक वेळा ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनाही नसते, कारण ती दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला लागू होते. त्याच्या हातात पुरावा म्हणून असतो तो तुमचा गेटपास, तुमच्या वजनकाट्याची वेळ, तुमच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण. अनेक ठिकाणी हे चित्रीकरण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. अपघाताच्याच दिवशी ते वेगळं काढून ठेवा आणि नोंदीची प्रत चालकाला किंवा त्याच्या नातेवाइकांना मागण्याआधी द्या.

संचालक महोदय, आपल्याकडे तीन मागण्या आहेत. कारखान्याच्या तपासणीत डिस्पॅच बे आणि गेटबाहेरची पहिली शंभर मीटर जागा धरली जावी, आणि ती तपासणी संध्याकाळी, गाड्या सुटण्याच्या वेळेला व्हावी. सकाळी अकराला बे रिकामा असतो. ट्रकवरून पडल्याच्या सूचना वेगळ्या रकान्यात घेऊन त्यांची जिल्हावार संख्या दरवर्षी प्रसिद्ध व्हावी, म्हणजे हा प्रश्न केवढा आहे ते राज्याला कळेल. आणि ताडपत्रीच्या प्लॅटफॉर्मचा एक नमुना आराखडा, मापांसह, मराठीत, छोट्या कारखानदाराला गावच्या फॅब्रिकेटरकडून बांधून घेता येईल असा, आपल्या कार्यालयाने उपलब्ध करून द्यावा. तो आराखडा तपासायला आणि बे वर प्रत्यक्ष लावून बघायला आमच्यातले लोक वेळ देतील.

आपले,
मालवाहतूक, गोदाम आणि औद्योगिक सुरक्षेच्या कामात असलेले आम्ही काही जण